जुनी क्यू घेताय? नाव नंतर वाचा, आधी जोड उघडून बघा

बेळगाव काय, खानापूर-निपाणी काय किंवा पलीकडे पणजी-मडगाव काय, पूल आणि स्नूकरची पार्लर आता कॉलेजच्या पोरांना नवी राहिलेली नाहीत. सुरुवातीला पार्लरच्या स्टँडवरची कुठलीही स्टिक चालते. सहा महिने गेले की स्वतःची हवी वाटते. नवी चांगली क्यू महाग, म्हणून मग जुन्याचा शोध सुरू होतो. ॲपवर फोटो दिसतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, नाहीतर पार्लरमध्येच कुणीतरी सांगतं, 'भावा, ओरिजिनल आहे, आठ हजारात देतो, नवी घ्यायला गेलास तर पंचवीस लागतील.'

आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीची?

गोची इथेच होते. क्यूवर सगळ्यात सहज बदलता येणारी, चिकटवता येणारी, छापता येणारी गोष्ट म्हणजे कंपनीचं नाव. सगळ्यात अवघड म्हणजे लाकडाचा जोड, बटमधली टोकं आणि स्क्रूचे आटे. हिशेब तपासताना आपण खात्यातली नोंद बघून थांबत नाही, मागचं व्हाउचर काढतो. क्यूचंही तसंच. नाव ही नोंद झाली, बांधणी हे व्हाउचर. दोन्ही जुळलं तरच पैसे काढायचे.

उलट बाजूचाही विचार करा. आपल्याकडे कॅन्टोन्मेंटची गावं कमी नाहीत. बेळगाव आहे, इंदूरजवळचं महू आहे, हैदराबादला लागून सिकंदराबाद आहे. स्नूकर हा खेळच मुळी १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला असं मानलं जातं. अशा गावांत एखाद्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांच्या वेळची क्यू पत्र्याच्या लांब नळकांड्यात पडलेली असू शकते. घर रिकामं करताना ती पडद्याच्या दांड्यांबरोबर भंगारात गेली तर काय गेलं हे कुणाला कळतही नाही. म्हणजे खुणा वाचता येणं हे घेणाऱ्याला जितकं उपयोगाचं, तितकंच देणाऱ्यालाही.

तर क्रमाने बघू.

आधी ठरवा, कुठल्या खेळाची आहे

'पूल स्टिक' म्हणून विकली जाणारी प्रत्येक काठी पूलची नसते. टिपेची जाडी मोजली की अर्धं कोडं सुटतं. अमेरिकन पूलच्या क्यूची टिप साधारण १२.७५ ते १३ मिलिमीटर असते. स्नूकरची ९ ते १० च्या आसपास. इंग्लंडमध्ये छोट्या टेबलवर जो पूल खेळतात, त्याची त्याहून बारीक, ८ ते ८.५. कारण साधं आहे. अमेरिकन पूलचा बॉल सव्वासत्तावन्न मिलिमीटरच्या जवळपास, स्नूकरचा ५२.५. लहान बॉल, लहान पॉकेट, म्हणून बारीक टिप.

दुसरी खूण टिपेच्या लगेच खालची कडी, म्हणजे फेरूल. ती पितळेची असेल तर क्यू स्नूकर-बिलियर्ड्सच्या घराण्यातली. पांढरी असेल तर बहुधा अमेरिकन पूलच्या. तिसरी खूण हात धरायची जागा. अमेरिकन क्यूच्या बटवर बऱ्याचदा लिननचा दोरा किंवा चामडं गुंडाळलेलं असतं. स्नूकरच्या क्यूवर असं काही नसतं, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड. चौथी खूण बटच्या अगदी शेवटी. स्नूकरच्या क्यूला तिथे एका बाजूला चपटा काप असतो आणि त्या कापावर बॅज बसवलेला असतो. अमेरिकन क्यूचं बूड गोल असतं आणि खाली रबराचा बंपर.

आता समजा विकणारा म्हणतो 'प्रोफेशनल स्नूकर क्यू', आणि हातात आहे १३ मिलिमीटरची पांढऱ्या फेरूलची काठी. तो खोटं बोलतोय असंच नाही, त्यालाही माहीत नसेल. पण तुम्हाला स्नूकर खेळायचा असेल तर ती तुमच्या कामाची नाही, मग नाव कुठलंही असो.

मोजायचं कशानं? व्हर्निअर कॅलिपरनं. बेळगावकरांना त्याची काळजी नको. उद्यमबागेत कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, वर्कशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

लाकूड काय सांगतं

शाफ्टसाठी मुख्यत्वे दोन लाकडं वापरतात, ॲश आणि मेपल. ॲशवर गडद रेषा ठळक दिसतात, आणि शाफ्टच्या दोन बाजूंना त्या रेषा बाणाच्या टोकासारख्या एकावर एक चढत जातात. खेळाडू त्या बाणांची दिशा बघून क्यू धरतात. बोट फिरवलं तर रेषा किंचित हाताला लागतात, कारण ॲशची छिद्रं उघडी असतात. जुन्या क्यूत त्यात चॉकची निळी-हिरवी धूळ बसलेली दिसते. मेपल गुळगुळीत, फिकट, रेषा जवळजवळ नाहीतच, बारीक तपकिरी ठिपके मात्र असतात. इंग्लिश पद्धतीच्या क्यूला बहुतेक ॲश, अमेरिकन पूलच्या क्यूला बहुतेक मेपल. स्नूकरच्या क्यूतही मेपल असतं, त्यामुळे नुसत्या मेपलवरून निकाल देऊ नका. पण 'जुनी इंग्लिश क्यू' म्हणून दाखवलेल्या काठीला मेपलचा जाड शाफ्ट आणि पांढरी फेरूल असेल, तर थांबा.

ॲशच्या रेषांमध्ये अजून एक गोष्ट बघायची. रेषा शाफ्टच्या लांबीला धरून सरळ गेल्या पाहिजेत. अर्ध्यावरच तिरप्या होऊन कडेने बाहेर पडत असतील तर लाकूड निवडताना काटकसर झालेली आहे. चांगला कारागीर लाकूड निवडण्यातच निम्मं काम करतो. ही गोष्ट स्टिकर लावून भरून निघत नाही.

स्वस्त क्यूत कधी कधी रेषा रंगवलेल्याही असतात. भिंगाखाली धरा. खरी रेषा लाकडाच्या आत जाते, तिची कड अनियमित असते. छापील रेषा वरच्या वर असते आणि ठिपक्याठिपक्यांची दिसते.

जोड उघडा, आटे मोजा

क्यू एकसंध आहे, मधोमध जोडाची आहे की तीन-चतुर्थांशावर जोडाची? अमेरिकन पूलची दोन भागांची क्यू बहुतेक बरोबर मधे सुटते. स्नूकरची ¾ जॉइंटची क्यू बटच्या बाजूला सुटते, म्हणजे पुढचा भाग लांब आणि मागचा आखूड. पार्लरची जुनी 'हाउस क्यू' एकसंधच असते, आणि तिच्या बटवर बऱ्याचदा १८, १९, २० असा आकडा ठोकलेला असतो. तो मॉडेल नंबर नव्हे, औंसातलं वजन आहे. 'लिमिटेड एडिशन नंबर १९' असं कुणी म्हणालं तर वजनकाट्यावर ठेवा. १९ औंस म्हणजे साधारण ५४० ग्रॅम.

मधे सुटणारी क्यू असेल तर जोड उघडून स्क्रू नीट बघा. ही सगळ्यात विश्वासाची खूण आहे आणि बहुतेक लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. स्क्रूची ओळख दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा व्यास इंचात, दुसरा एका इंचात किती आटे. ५/१६ × १८, ५/१६ × १४, ३/८ × १०, ३/८ × ११ हे नेहमीचे.

इथे वर्कशॉपवाल्याला गंमत वाटेल. बाजारातल्या साध्या ५/१६ च्या बोल्टला इंचात १८ आटे असतात, ३/८ च्या बोल्टला १६. म्हणजे ५/१६ × १८ हा कुठेही मिळणारा आटा झाला, पण ३/८ ला १० आटे हे हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही. तो खास क्यूसाठी कापलेला, जाड आणि उतरत्या चालीचा आटा.

उपयोग काय? अमेरिकन कंपन्या आपापल्या स्क्रूला बऱ्यापैकी चिकटून असतात. मॅकडरमॉटची क्यू सहसा ३/८ × १० ची. म्यूचीची सहसा ५/१६ × १८. जॉसची सहसा ५/१६ × १४. प्रिडेटरच्या बऱ्याच क्यूंना युनि-लॉक नावाचा, दोन-तीन वळशांत बसणारा जोड असतो. बटवर मॅकडरमॉट लिहिलंय आणि आत ५/१६ × १८ चा बारीक स्क्रू, तर विचारायचं, 'जोड बदललाय का? कुणी बदलला?' जोड बदललेलाही असू शकतो, दुरुस्तीत ते होतं. पण मग ती 'कंपनी ओरिजिनल' राहिली नाही आणि भावही तो राहिला नाही.

आटे मोजायला पिच गेज लागतं, तेही नसेल तर पट्टी स्क्रूला लावून फोटो मागवा आणि मोठा करून एका इंचातले आटे मोजा. घरबसल्या होतं.

जोडाच्या पृष्ठभागाकडेही बघा. दोन्ही तोंडं सपाट आहेत का, कडा फुटल्यात का, स्क्रूच्या मुळाशी गोंद बाहेर आलाय का? बसवल्यावर दोन भागांमध्ये उजेड दिसतो का? उजेड दिसला तर जोड गेला.

बटवरची टोकं: हाताची, मशीनची आणि छापलेली

बटवर गडद लाकडाची टोकं पुढे शाफ्टमध्ये घुसल्यासारखी दिसतात. त्याला स्प्लाइस म्हणतात. ती नुसती शोभा नाही. फिकट लाकडाचा शाफ्ट हलका असतो, म्हणून मागे आबनूस किंवा शिसवीसारखं जड लाकूड जोडून तोल साधतात. ते लाकूड कसं जोडलंय यावरून क्यूची जात कळते.

इंग्लिश पद्धतीच्या हाताने केलेल्या स्प्लाइसमध्ये ॲशच्या दांड्याच्या चार बाजू रंध्याने सपाट करतात, प्रत्येकीवर आबनुसाची फळी चिकटवतात आणि मग सगळं गोल करतात. निमुळत्या दांड्यावर फळी बसल्यामुळे तिचं टोक कमानीसारखं, गोलसर दिसतं. मशीनच्या स्प्लाइसमध्ये दोन्ही लाकडांत पाचरीसारखे दात कापून एकमेकांत घुसवतात. त्यामुळे टोकं सुईसारखी अणकुचीदार येतात. लक्षात ठेवायला सोपं आहे: गोल टोक हाताचं, अणकुचीदार टोक मशीनचं.

हे सूत्र इंग्लिश क्यूपुरतंच. अमेरिकन क्यूमध्ये चांगल्या कारागिराचीही टोकं धारदार असतात. तिथे बघायचं ते वेगळं: चारही टोकं एकाच उंचीवर संपतात का, आणि टोकांच्या कडेच्या रंगीत पातळ पट्ट्या, म्हणजे व्हिनिअर, कोपऱ्यात स्वच्छ मिळतात का.

आणि तिसरा प्रकार, ज्यात जास्त लोक फसतात. टोकं नसतातच, त्यांचं चित्र असतं. छापलेला कागद किंवा फिल्म बटवर गुंडाळून वर जाड चकचकीत लॅकर. फोटोत ही क्यू खऱ्यापेक्षाही भारी दिसते! ओळखायची कशी? टोकाच्या आतलं आणि बाहेरचं लाकूड भिंगाखाली बघा. खऱ्या कामात एक लाकूड संपतं आणि दुसरं सुरू होतं, दोघांच्या रेषांची दिशा आणि पोत वेगळा असतो. छापलेल्यात ठिपके दिसतात, आणि गोल फिरवत गेलं की कुठेतरी कागदाची उभी शिवण सापडते. बंपर काढून बुडाचं लाकूडही बघा. वर आबनूस आणि खाली पांढरं लाकूड असेल तर उत्तर मिळालं.

बॅज, सही, लोगो: सगळ्यात शेवटी

एवढं झाल्यावर मग नाव वाचायचं. स्नूकर क्यूचा बॅज पितळेचा, प्लास्टिकचा किंवा जुन्या काळी हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या पदार्थाचा असतो. बॅज काढता येतो आणि दुसरीकडे बसवताही येतो. म्हणून बॅजच्या कडेला बघा. खाच आणि बॅज यांच्यात फट आहे का? गोंदाचा पिवळा थर आहे का? आजूबाजूचं लाकूड झिजलंय आणि बॅज कोरा करकरीत, असं तर नाही ना? बॅजवरूनच लॅकर गेलं असेल तर क्यू नंतर पुन्हा पॉलिश केलेली आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बॅजवरचं नाव बनवणाऱ्याचंच असेल असं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या पेराडॉनसारखे कारखाने दुसऱ्या कंपन्यांसाठीही क्यू बनवून द्यायचे, बॅज त्या कंपन्यांचा. शिवाय खेळाडूच्या नावाचा बॅज म्हणजे त्या खेळाडूने वापरलेली क्यू नव्हे. जो डेव्हिस किंवा वॉल्टर लिंड्रम यांच्या नावाच्या क्यू दुकानात विकायलाच बनवल्या होत्या. आज क्रिकेटरच्या सहीची बॅट मिळते तसं. 'ही जो डेव्हिसची क्यू आहे' आणि 'ही जो डेव्हिस नावाची क्यू आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक.

नाव चालू राहतं पण माल बदलतो, हेही ध्यानात ठेवा. राइली हे नाव ॲक्रिंग्टनच्या जुन्या कारखान्यापासून चालत आलेलं. तेच नाव आज नव्या, परवडणाऱ्या क्यूंवरही असतं. 'राइली आहे' एवढ्यावरून ती ऐंशी वर्षांपूर्वीची की पाच वर्षांपूर्वीची हे कळत नाही. ते स्प्लाइस, लाकूड आणि बॅज मिळून सांगतात.

बॅजवरून वय कसं काढायचं

जुन्या बॅजवर कधी विक्रमाचा आकडा असतो, कधी पत्ता. त्यावरून एक कडक नियम लावता येतो: बॅजवर जी घटना आहे, तिच्या आधीची ती क्यू असूच शकत नाही.

वॉल्टर लिंड्रमने ४१३७ चा ब्रेक १९३२ साली लंडनच्या थर्स्टन हॉलमध्ये केला. बॅजवर हा आकडा असेल तर क्यू १९३२ किंवा त्यानंतरची. जो डेव्हिसचा १४७ चा ब्रेक जानेवारी १९५५ मधला. बॅजवर १४७ चा उल्लेख असेल तर त्याच्यानंतरची. नंतर किती वर्षांनी, ते मात्र यावरून कळत नाही. तेच बॅज पुढे वर्षानुवर्षं वापरले जायचे. म्हणजे सुरुवातीची तारीख पक्की, शेवटची मोकळी.

पत्त्यावरून दोन्ही बाजू बांधता येतात. थर्स्टन कंपनीचा लेस्टर स्क्वेअरचा हॉल १९०१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. कंपनीच्या मालावर तो पत्ता असेल तर काळ त्या चाळीस वर्षांत बसतो. आता कुणी म्हणालं, 'आमच्या पणजोबांनी १८९० मध्ये विकत घेतलेली', आणि बॅजवर लेस्टर स्क्वेअर, तर घरातली आठवण एक पिढी मागे सरकलेली आहे एवढंच. आठवणीत तसं होतं.

बालाबुश्काचा धडा

नावावर किती पैसे लागू शकतात याचं उदाहरण अमेरिकेत आहे. जॉर्ज बालाबुश्का हा रशियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये राहिलेला कारागीर. १९५९ पासून १९७५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने पूलच्या सुमारे हजार-बाराशे क्यू बनवल्या. त्याच्या क्यू आज संग्राहक जपून ठेवतात, आणि त्यामुळेच खोट्याही भरपूर निघाल्या.

आता बघा. बालाबुश्का बटचा टोकांचा भाग बऱ्याचदा स्वतः कापत नसे. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट या साध्या एकसंध क्यू घेऊन त्यांच्यापासून क्यू घडवायचा. पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून तयार भाग घेई. म्हणजे टोकांवरून एकट्यावरून त्याची क्यू सिद्ध होत नाही, कारण तेच टायटलिस्ट दुसऱ्यांनीही वापरले. जोड, कड्या, बुडाची बांधणी, शाफ्ट असं सगळं मिळून जाणकार ठरवतात.

त्याहून मजेशीर म्हणजे, ज्या सिनेमाने हे नाव जगभर नेलं तो १९८६ चा 'द कलर ऑफ मनी'. त्यात टॉम क्रूझच्या हातात जी 'बालाबुश्का' दिसते ती प्रत्यक्षात जॉस कंपनीची क्यू होती. शिवाय बालाबुश्काच्या मृत्यूनंतर त्याच्या नावाने अधिकृतपणे कारखान्यात बनवलेल्या क्यूही बाजारात आल्या. त्या खोट्या नाहीत, पण त्याच्या हातच्याही नाहीत. तेव्हा आपल्याकडे कुणी हे नाव घेऊन दहा-पंधरा हजारात क्यू दाखवली तर हसून नमस्कार करायचा.

पांढरी कडी हस्तिदंताची असेल तर सावध

ही गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. जुन्या क्यूंच्या फेरूलवर, बॅजवर, जोडाच्या कडीवर खरा हस्तिदंत वापरला जायचा. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंताचाही. त्यामुळे 'जेन्युइन आयव्हरी' लिहून जाहिरात टाकणारा स्वतःवरच केस ओढवून घेतो, आणि घेणाराही त्यात अडकतो. 'शंभर वर्षं जुनी आहे, अँटिक आहे' हे उत्तर चालत नाही.

ओळखायचं कसं? हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषांची जाळी दिसते. नकली पदार्थात, ज्याला आयव्हरीन म्हणायचे, रेषा असल्याच तर समांतर आणि एकसारख्या, यंत्राने ओढल्यासारख्या. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणीतरी देईल, तो अजिबात ऐकू नका. जुनं नकली बहुतेक सेल्युलॉइड असतं आणि ते भसकन पेट घेतं.

घरात वारशाने आलेल्या क्यूवर असं काही असल्याची शंका आली तर विकायचा विषय बाजूला ठेवा, जाहिरातही टाकू नका. आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

सरळ आहे का, आणि कुणी हात मारलाय का

ओळख पटली, आता तब्येत. आपल्या पट्ट्यातला पाऊस सगळ्यांना माहीत आहे. खानापूर, चंदगड, गोवा इथे चार महिने भिंतींना ओल असते. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी क्यू वाकायला वेळ लागत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तरी तेच.

टेबलवर फिरवून बघतात ती पद्धत बरोबर आहे, पण अर्धी. आधी दोन भाग वेगवेगळे फिरवा, मग जोडून. वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर डगमग, म्हणजे दोष जोडात. शाफ्ट एकटाच उड्या मारतोय, म्हणजे लाकूड वाकलंय. जोडाचा दोष कधी कधी लेथवर दुरुस्त होतो, वाकलेलं लाकूड कायमचं सरळ होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. टेबल सपाट हवं, जेवणाचं टेबल नको. त्यानंतर बंदुकीसारखं डोळ्याला लावून टोकापर्यंत बघा, हळूहळू फिरवत.

मग शाफ्टची जाडी. बरेच खेळाडू शाफ्ट चिकट लागतो म्हणून सँडपेपर मारतात. दहा वर्षांत १३ ची टिप १२ वर येते. फेरूलच्या खाली लाकूड किंचित आत गेल्यासारखं लागतं का ते नखाने बघा. लांबीही मोजा. स्नूकरची क्यू साधारण ५७-५८ इंच. ५५-५६ भरली तर फेरूल बदलताना दर वेळी थोडं थोडं कापलं गेलेलं असू शकतं.

शेवटी कान लावा. क्यू सैल धरून बूड हलकेच जमिनीवर आपटा. आवाज घट्ट, एकच हवा. बझझ असा कंप आला तर फेरूल सैल, जोड सैल, नाहीतर बुडातला वजनाचा बोल्ट ढिला. बोल्ट आवळता येतो, फेरूल बदलता येते, पण भाव करताना बोलायला मुद्दा मिळाला की!

टिपेकडे फार लक्ष देऊ नका. टिप ही चपलेच्या टाचेसारखी, झिजते आणि बदलते. तिच्यावरचा ब्रँड क्यूबद्दल काहीच सांगत नाही.

फोटो मागवा, मग गाडीला किक मारा

लांबचा सौदा असेल तर आधी सहा फोटो मागवा:

१. पूर्ण क्यू, शेजारी मोजपट्टी.
२. टिप आणि फेरूल जवळून.
३. जोड उघडून, स्क्रूला पट्टी लावून.
४. बटची टोकं चारही बाजूंनी.
५. बॅज किंवा लोगो, कडा दिसतील असा.
६. बंपर काढून बूड.

आणि तीन प्रश्न: कुणाकडून घेतली? टिप, फेरूल, जोड यांपैकी काय बदललं? मी तपासून पसंत नाही पडली तर परत घ्याल का? प्रामाणिक माणूस सहा फोटो द्यायला कुरकुर करत नाही. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आत्ता पैसे टाका' असं उत्तर आलं तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या.

भाव ठरवताना क्यूची दोन खाती वेगळी ठेवा. एक खेळायची किंमत, म्हणजे सरळ आहे, जोड घट्ट आहे, वजन हाताला बसतं. दुसरी नावाची किंमत. पहिली तुम्ही स्वतः तपासू शकता, तिचे पैसे द्या. दुसरीचे पैसे बांधणी आणि बॅज एकच गोष्ट सांगत असतील तेव्हाच द्या. नाव नसलेली, पण हाताच्या गोल स्प्लाइसची, सरळ ॲशची जुनी क्यू बऱ्याचदा पार्लरमध्ये कोपऱ्यात धूळ खात असते, कारण तिच्यावर स्टिकर नाही. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, त्या काळातल्या साध्या, ॲशच्या क्यू अशाच दिसायच्या. अशी एखादी कोपऱ्यात दिसली तर जोड उघडा, भिंग लावा, टेबलवर फिरवा. आणि ती कुणाच्या माळ्यावर असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी टोकं गोल आहेत की अणकुचीदार एवढं तरी बघून घ्या.